गाळलेल्या नोंदींचा हिशेब

ग्राहक व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर, ज्याला व्यवसायात सर्रास सीआरएम म्हटले जाते, हे मुळात नोंदींचे कोठार असते. कोणत्या कंपनीशी बोलणे चालू आहे, तिथे निर्णय कोण घेतो, शेवटचा फोन कधी झाला, व्यवहार किती रकमेचा आहे आणि तो कोणत्या टप्प्यावर रेंगाळला आहे, हे सारे त्यात ठरावीक रकान्यांत भरलेले असते. १९९३ साली स्थापन झालेल्या सीबेलपासून १९९९ च्या सेल्सफोर्सपर्यंत आणि त्यानंतरच्या हबस्पॉट किंवा चेन्नईच्या झोहोपर्यंत या सॉफ्टवेअरचे रूप पुष्कळ बदलले, पण ते वापरणारा बदलला नव्हता. पडद्यासमोर एक माणूस बसलेला असे, तो यादीतून शहर निवडे, तारखांची चौकट भरी आणि समोर आलेल्या नोंदींवरून नजर फिरवून आपली निवड बरोबर झाली की नाही हे स्वतःच ताडून पाही. अलीकडे या माणसाच्या जागी एआय एजंट येऊ लागला आहे. एजंट म्हणजे मोठ्या भाषिक मॉडेलवर उभारलेला असा प्रोग्रॅम, की ज्याला साध्या भाषेत काम सांगितले असता तो त्या कामाचे टप्पे पाडतो, कोणते टूल केव्हा वापरायचे ते ठरवतो आणि आलेल्या उत्तरावरून पुढचे पाऊल टाकतो. सीआरएममधल्या असंख्य नोंदींतून हव्या तेवढ्याच वेचून एजंटाच्या हाती देणारे टूल म्हणजे फिल्टर टूल, आणि त्या टूलचे वर्णन लिहिणे हे आता तंत्रलेखकाच्या नित्याच्या कामांत मोडू लागले आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम किरकोळ वाटते. टूलला नाव द्यावे, ते काय करते हे दोन ओळींत सांगावे, कोणत्या अटी चालतात त्यांची यादी जोडावी, की काम संपले, असा समज असतो. प्रस्तुत लेखकाला हे काम करताना जी गोष्ट पुन्हापुन्हा जाणवली ती अशी, की फिल्टर कोणत्या नोंदी आणतो हे सांगणे सोपे असते आणि ते सगळेच सांगतात. तो कोणत्या नोंदी मागे ठेवतो आणि का ठेवतो, हे मात्र क्वचितच लिहिले जाते, आणि एजंटाच्या उत्तरांतली सर्वांत घातक चूक नेमकी त्या न लिहिलेल्या भागातून येते. घातक अशासाठी, की ती दिसत नाही. समोर आलेल्या यादीत एखादे चुकीचे नाव असेल तर ते कोणाच्या तरी लक्षात येते; यादीत नसलेले नाव कोणाच्याच लक्षात येत नाही.

माणसासाठी लिहिलेली मार्गदर्शिका आणि एजंटासाठी लिहिलेले वर्णन यांत मूलभूत फरक आहे. माणूस मार्गदर्शिका अडल्याशिवाय उघडत नाही, आणि तोपर्यंत पडद्याने त्याला पुष्कळ काही सांगून ठेवलेले असते. कोणते रकाने आहेत, त्यांत कोणती मूल्ये निवडता येतात, एकूण नोंदी किती आणि आपण कितव्या पानावर आहोत, हे सारे तो न विचारता पाहतो. एजंटापुढे असा पडदा बहुधा नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने जाहीर केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, हा एजंट आणि बाहेरची सॉफ्टवेअरे यांच्यातील देवाणघेवाणीचा खुला संकेत आहे. त्यानुसार प्रत्येक टूल आपले नाव, साध्या भाषेतले वर्णन आणि आपल्याला कोणती माहिती कोणत्या साच्यात हवी याचा तपशील, ज्याला स्कीमा म्हणतात, एजंटापुढे मांडते. टूलबद्दल एजंटाला जे कळते ते मुख्यतः एवढ्यावरूनच. वेबसाइटवर ठेवलेली सविस्तर मार्गदर्शिका कोणी त्याला वाचायला दिली नसेल तर त्याच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा असते. शिवाय हे वर्णन मॉडेलच्या संदर्भकक्षेत, म्हणजे मॉडेलला एका वेळी विचारात घेता येणाऱ्या मजकुरात, जागा व्यापते, आणि तीच जागा इतर टूलांना, वापरणाऱ्याच्या प्रश्नाला आणि परत आलेल्या नोंदींनाही लागत असते. म्हणून वर्णन आटोपशीर तर हवेच, पण काय गाळायचे हे ठरवताना लेखकाला टूलचा स्वभाव पूर्ण ठाऊक असावा लागतो.

रकान्यांच्या नावांपासूनच या स्वभावाची ओळख सुरू होते. पडद्यावर दिसणारे नाव आणि सॉफ्टवेअरच्या आतले नाव ही बहुधा वेगळी असतात. हबस्पॉटमध्ये व्यवहार जिंकल्याचा मूळ टप्पा आतून ‘क्लोज्डवन’ अशा जोडून लिहिलेल्या नावाने ओळखला जातो, आणि विक्री विभागाने पडद्यावरचे नाव बदलून ‘ऑर्डर मिळाली’ असे केले तरी आतले नाव तेच राहते. सेल्सफोर्समध्ये संस्थेने स्वतः तयार केलेल्या रकान्याच्या आतल्या नावाला शेवटी दोन अधोरेखा आणि ‘सी’ हे अक्षर लागते. एजंटाला हे सांगितले नाही तर तो अंदाज बांधतो, आणि त्याचा अंदाज नेहमी समंजस असतो, हीच पंचाईत आहे. पडद्यावर ‘ऑर्डर मिळाली’ असे म्हणतात हे त्याला संभाषणातून कळलेले असते, म्हणून तो तेच मूल्य पाठवतो. काही टूले अशा वेळी चूक स्पष्ट कळवतात, काही मात्र निमूटपणे शून्य नोंदी परत करतात, आणि मग विक्री व्यवस्थापकाला उत्तर मिळते की या तिमाहीत एकही ऑर्डर आली नाही. आतले नाव माहीत नसेल तर आधी रकान्यांची आणि त्यांच्या मूल्यांची यादी देणारे टूल वापरावे, अंदाज करू नये, एवढे एक वाक्य वर्णनात असले तरी हा प्रकार बऱ्याच अंशी थांबतो.

अटींची जोडणी हा त्याहून नाजूक विषय. हबस्पॉटच्या शोधसेवेत अटी गटांत मांडाव्या लागतात. एका गटातल्या सर्व अटी ‘आणि’ने जोडल्या जातात, तर गट एकमेकांशी ‘किंवा’ने जोडले जातात, आणि एका मागणीत जास्तीत जास्त ५ गट, प्रत्येक गटात ६ अटी व एकूण १८ अटी एवढी मर्यादा असते. पुणे किंवा नाशिक येथील, वार्षिक उलाढाल पाच कोटींहून अधिक असलेल्या कंपन्या हव्या आहेत, असे कोणी म्हटले, तर बोलीभाषेत उलाढालीची अट एकदाच उच्चारली जाते आणि ऐकणारा ती दोन्ही शहरांना लागू करतो. टूलच्या रचनेत मात्र ती दोन्ही गटांत वेगवेगळी लिहावी लागते. पहिल्या गटात फक्त पुणे आणि दुसऱ्यात नाशिक व उलाढाल असे मांडले गेले, तर पुण्यातली एकूण एक कंपनी, अगदी पाच लाखांची उलाढाल असलेलीसुद्धा, यादीत येते. शहरांसाठी ‘यांपैकी एक’ ही अट वापरली तर एकाच गटात काम भागते, पण तिथेही मजकुराच्या रकान्यासाठी रोमन अक्षरे लहान लिपीतच द्यावी लागतात. पाच कोटी ही रक्कम पाचावर सात शून्ये अशी, स्वल्पविरामाशिवाय लिहायची, हेही सांगावे लागते, कारण लाख-कोटींच्या गटांत पाडलेला आकडा यंत्राच्या साच्यात बसत नाही. अशा ठिकाणी नियमाचे विवेचन करण्यापेक्षा एक पूर्ण उदाहरण अधिक उपयोगी पडते, कारण मॉडेल नियमापेक्षा नमुना अधिक विश्वासूपणे पाळते, असा या कामातला अनुभव आहे.

तोच विश्वासूपणा कधी कधी अंगाशी येतो. नमुन्यात नाशिक लिहिले असेल आणि वापरणाऱ्याने शहर सांगितलेच नसेल, तर नाशिक हेच जणू गृहीत मूल्य आहे असे समजून एजंट ते मागणीत घालू शकतो. म्हणून नमुन्यातले मूल्य हे नमुन्यापुरतेच आहे, आणि वापरणाऱ्याने न सांगितलेली अट स्वतःहून घालू नये, हे नमुन्याच्या शेजारीच लिहिलेले बरे.

पण या सर्वांपेक्षा अधिक विचार मागणारी गोष्ट म्हणजे रिकामा रकाना. १९७० साली एडगर कॉड यांनी माहितीसाठ्याची संबंधात्मक मांडणी केली आणि तिच्या आधाराने पुढे एसक्यूएल ही विचारणेची भाषा घडली. त्या भाषेत न भरलेल्या रकान्याला ‘नल’ म्हणतात, आणि नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर सत्य किंवा असत्य नसून अज्ञात असे येते. याचा व्यवहारातला परिणाम असा, की ‘शहर पुणे नाही’ अशी अट घातली असता ज्या नोंदीत शहर भरलेलेच नाही ती नोंद निवडली जात नाही, कारण ती पुण्याची नाही असे यंत्र खात्रीने म्हणू शकत नाही. ‘शहर पुणे आहे’ या अटीतही ती अर्थातच येत नाही. म्हणजे दोन परस्परविरुद्ध अटी लावून मिळालेल्या दोन याद्यांची बेरीज केली तरी ती एकूण नोंदींइतकी होत नाही, आणि मधल्या मधे राहिलेले ग्राहक कोणत्याही यादीत नसतात. सगळी सीआरएम सॉफ्टवेअरे या बाबतीत सारखी वागत नाहीत. काहींत ‘नाही’ची अट रिकाम्या नोंदींनाही सामावून घेते, काहींत घेत नाही, आणि मॉडेलने वाचलेल्या एसक्यूएलच्या अफाट मजकुरामुळे त्याचा कल एकीकडे झुकलेला असतो. त्यामुळे आपले टूल नेमके कसे वागते हे लेखकाने स्वतः चालवून पाहिल्याशिवाय लिहू नये.

रिकामे रकाने कोठून येतात हेही समजून घेण्यासारखे आहे. ते सर्वस्वी निष्काळजीपणातून येत नाहीत. प्रदर्शनाच्या स्टॉलवर जमा झालेल्या व्हिजिटिंग कार्डांवर कधी शहर नसते, फोनवर चौकशी करणारा फक्त नाव आणि नंबर देतो, जुन्या एक्सेल शीटमधून आणलेल्या नोंदींत काही स्तंभच नसतात. पुण्याबाहेरच्या ग्राहकांना नव्या दरपत्रकाची सूचना पाठवा, असे काम एजंटाला दिले असता या सगळ्या माणसांना सूचना जात नाही, आणि काम पूर्ण झाल्याचा निरोप मात्र येतो. यावर उपाय टूलमध्येच असतो: हबस्पॉटमध्ये ‘मूल्य आहे’ आणि ‘मूल्य नाही’ अशा दोन स्वतंत्र अटी आहेत, आणि दुसऱ्या अटीने रिकाम्या नोंदी मुद्दाम मागवता येतात. वर्णनात असे लिहिता येते, की नकारार्थी अट वापरताना त्या रकान्यात मूल्य नसलेल्या नोंदींची संख्या स्वतंत्रपणे विचारावी आणि ती वापरणाऱ्याला सांगावी. त्या नोंदी घ्यायच्या की नाही हे एजंटाने परस्पर ठरवू नये. ही सूचना लिहिल्यावर उत्तरांचे स्वरूपच बदलते. ‘सूचना पाठवली’ असे कोरडे उत्तर न येता, इतक्या जणांचे शहर नोंदलेले नाही, त्यांचे काय करावे, असा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणे हे माणसाचेच काम आहे.

तारखांच्या बाबतीत भारतीय कार्यालयांना एक खास अडचण भेडसावते. अनेक सीआरएम सॉफ्टवेअरे वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात, आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १ एप्रिलला रात्री बारा वाजता आपले आर्थिक वर्ष सुरू होते तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार ३१ मार्चचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. एजंटाने वर्षाची सुरुवात १ एप्रिल, शून्य तास, जागतिक प्रमाणवेळ अशी धरली, तर भारतातल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत वेबसाइटच्या फॉर्मवरून आलेल्या चौकशा मागल्या वर्षात जमा होतात. संख्या लहान असेल, पण वर्षअखेरीचा हिशेब जुळवणाऱ्या माणसाचा त्यात एक दिवस जातो. ‘गेला आठवडा’ म्हणजे सोमवार ते रविवार की रविवार ते शनिवार की आजपासून मागचे सात दिवस, ‘हे वर्ष’ म्हणजे जानेवारीपासून की एप्रिलपासून मोजलेले, हेही असेच संदिग्ध शब्द आहेत. सेल्सफोर्सच्या विचारणेच्या भाषेत अशा सापेक्ष कालावधींसाठी तयार शब्द आहेत आणि त्यांची व्याख्या ठरलेली आहे. जिथे अशी सोय नाही तिथे एजंटाने कालावधीच्या दोन्ही टोकांच्या तारखा उत्तरात लिहून दाखवाव्यात, अशी सूचना वर्णनात असणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग ठरतो.

शहरांच्या नावांचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष ठळक आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव हे बदल २०२३ मध्ये, तर अहमदनगरचे अहिल्यानगर हा बदल २०२४ मध्ये अधिकृत झाला, पण सीआरएममधल्या जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. एकाच शहरातले जुने ग्राहक एका नावाखाली आणि नवे दुसऱ्या नावाखाली असतात, शिवाय कोणी संभाजीनगर एवढेच लिहिलेले असते. तंतोतंत जुळणीची अट यांतल्या एकाच नावाच्या नोंदी उचलते. आडनावांचेही तसेच, चव्हाण हे आडनाव रोमन लिपीत एकापेक्षा अधिक प्रकारे लिहिले जाते, आणि शब्दजुळणीची अट, म्हणजे रकान्यातल्या मजकुराचे शब्द पाडून त्यांतला एखादा शब्द पूर्ण जुळतो का हे पाहणारी अट, स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही माफ करत नाही. टूलच्या वर्णनात प्रत्येक शहराची पर्यायी नावे देणे शक्य नाही आणि योग्यही नाही. पण हा रकाना हाताने भरलेला आहे, त्यात एकाच गोष्टीची अनेक रूपे असू शकतात, एवढा इशारा दिला तरी एजंट एका नावावर थांबत नाही.

पानांचा मुद्दा थोडक्यात सांगण्यासारखा आहे. शोधसेवा सर्व नोंदी एकदम देत नाही. हबस्पॉटमध्ये एका पानात जास्तीत जास्त २०० नोंदी येतात आणि एका विचारणेत १०,००० च्या पुढे जाता येत नाही. उत्तरात एकूण संख्या वेगळी दिलेली असते, आणि किती ग्राहक आहेत या प्रश्नाला ती संख्याच उत्तर असते, पानावर आलेल्या नोंदींची मोजणी नव्हे. तसेच, मागितले नाहीत तर बहुतेक रकाने उत्तरात येतच नाहीत. संपर्कांच्या शोधात नोंदीचा क्रमांक, नाव, आडनाव, ईमेल आणि काही तारखा एवढेच आपोआप मिळते. फोनचा रकाना नावाने मागावा लागतो, आणि तो न मागता एजंटाने या ग्राहकांचे फोन नंबर नोंदलेले नाहीत असे सांगितले तर ते धडधडीत चुकीचे असूनही त्याला मिळालेल्या माहितीशी सुसंगतच असते. दुसरीकडे, सरसकट सगळे रकाने मागवणे हाही उपाय नाही, कारण ग्राहकाची माहिती ही त्या ग्राहकाची असते, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नंतर कामापुरतीच माहिती हाताळण्याची शिस्त ही केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही.

शून्य नोंदी आल्या तर त्याचा अर्थ काय, हे लिहिणे सर्वांत आवश्यक आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. शून्याला किमान चार अर्थ असतात: खरोखरच तशी नोंद नाही, अटीत चूक आहे, ज्याच्या अधिकाराने एजंट काम करतो आहे त्याला त्या नोंदी पाहण्याची परवानगी नाही, किंवा नोंद नुकतीच झाली असून ती शोधाच्या सूचीत अजून चढलेली नाही. यांतला शेवटचा प्रकार एजंटाच्या बाबतीत वारंवार घडतो, कारण तो नोंद तयार करून लगेच ती शोधायला जातो, आणि सापडली नाही म्हणून दुसऱ्यांदा तयार करतो. नव्याने तयार केलेली नोंद शोधसेवेतून न शोधता तिच्या क्रमांकाने थेट मागवावी, हे सांगणारी ओळ दुबार नोंदींचा मोठा उपद्रव टाळते. एमसीपीमध्ये टूलला आपली चूक उत्तराचाच भाग म्हणून, चुकीची खूण लावून, मॉडेलपर्यंत पोहोचवता येते. ही सोय जिथे वापरली आहे तिथे चुकीचा संदेश हासुद्धा वर्णनाचाच विस्तार समजून तितक्याच काळजीने लिहावा. ‘अवैध मागणी’ असा संदेश एजंटाला काहीच शिकवत नाही. ‘या नावाचा रकाना नाही, जवळची नावे अशी आहेत’ असा संदेश त्याला मार्गावर आणतो.

लिहिलेले वर्णन पुरेसे आहे की नाही हे वाचून कळत नाही. त्यासाठी ज्यांची उत्तरे हाताने मोजून ठेवली आहेत असे प्रश्न एजंटाला विचारावे लागतात, आणि त्या चाचणीसाठीच्या नोंदींत रिकामे रकाने, मध्यरात्रीच्या चौकशा, दोन नावांची शहरे आणि एका पानात न मावणाऱ्या याद्या मुद्दाम पेराव्या लागतात. स्वच्छ, नीटनेटक्या नोंदींवर घेतलेली चाचणी जवळजवळ कोणतेही वर्णन पार करते. वर्णनातला एक शब्द बदलला तरी ही चाचणी पुन्हा घ्यावी, कारण एका प्रश्नाचे उत्तर सुधारणारी ओळ दुसऱ्या प्रश्नावर विपरीत परिणाम करू शकते. नकारार्थी अटीविषयीची सूचना फार ठासून लिहिली तर एजंट प्रत्येक साध्या शोधातही रिकाम्या नोंदींची चौकशी करू लागतो, असाही अनुभव येतो.

या सर्व कामात ज्या माणसाचा सल्ला क्वचितच घेतला जातो तो शाखेतला विक्री प्रतिनिधी किंवा नोंदी भरणारा लिपिक आहे. कोणता रकाना घाईत सोडला जातो, कोणत्या रकान्यात माहीत नसल्यास टिंब टाकून पुढे जाण्याची पद्धत आहे, कोणता टप्पा प्रत्यक्षात कोणीच वापरत नाही, हे अभियंत्याला स्कीमावरून कळत नाही आणि तंत्रलेखकाला टूल चालवूनही पूर्ण कळत नाही. त्या माणसाला ते रोजच्या कामातून ठाऊक असते. फिल्टर टूल एजंटाच्या हाती देण्यापूर्वी संस्थांनी त्याला शेजारी बसवावे, वर्णन त्याला वाचून दाखवावे, आणि या वर्णनाप्रमाणे शोधले तर तुमचा कोणता ग्राहक सापडणार नाही, असे विचारावे.